१९७१चे हरवलेले ५४ आणि सुटलेले १९५

ज्यांची एसटीत बसल्यावर रेंज जाते, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा एपिसोड लिहून देतोय. बोलण्यातली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या वाशीमच्या गल्लीतून करतो. १ मार्च २०१९, रात्रीची वेळ. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान वाघा बॉर्डरवरून चालत परत येतायत आणि अख्खी गल्ली टीव्हीला चिकटलेली. पोट्टे फटाके घेऊन तयार. आमच्या शेजारच्या आबांना आम्ही मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. आबा म्हणजे निवृत्त फौजी. १९७१ला पायदळात, पश्चिम आघाडीवर. अभिनंदन दिसले तसा जल्लोष झाला. आबा मात्र टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाले, "हा आला, बरं झालं. पन बाकीचे कधी येनार रे बापू?"

मला वाटलं, वय झालंय, काहीतरी गोंधळ होतोय. मी म्हटलं, "आबा, एकच जण होता." ते काही बोलले नाहीत. उठून घरी गेले. त्यांना फटाके सहन होत नसत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीत ते मागच्या खोलीत दार लावून बसायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि एक जुनी शंभर पानी वही दाखवली. त्यात नावं होती, तारखा होत्या, पेपरची कात्रणं डिंकानं चिकटवलेली. त्यांच्या कंपनीतला एक दोस्त डिसेंबर १९७१ मध्ये रात्रीच्या गस्तीवर गेला आणि परतला नाही. आबा १९७२ला सुट्टीवर आले. अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीनं वाशीम. तेव्हा आपलं वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होतं, वेगळा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दोस्ताच्या आईला भेटायचं. ती माउली म्हणाली, "मेला असंल तर मेला म्हना, जिता असंल तर जिता म्हना. मधात नोका ठेवू."

त्यानंतर आबांनी पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली. या कार्यालयाला, त्या कार्यालयाला. पेन्शन आल्यावर रजिस्टर्ड पत्रं. एका ठिकाणाहून तर उत्तर आलं, "योग्य त्या कार्यालयाशी संपर्क साधावा." योग्य कार्यालय कोणतं, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. सिनेमातला जुना फौजी बंदूक घेऊन युद्धगुन्हेगाराच्या मागे लागतो. आमच्या आबांकडे वही होती आणि दोन प्रश्न होते. आपली माणसं गेली कुठे? आणि ज्यांनी गुन्हे केले, त्यांचं काय झालं?

आजचा एपिसोड त्या दोन प्रश्नांवर आहे.

एक बातमी, एक नाव

आबांच्या वहीत पहिल्याच पानावर एक मराठी नाव होतं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. हवाई दलाची ३२ नंबर स्क्वाड्रन, विमान सुखोई-७. ५ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानातल्या शोरकोट विमानतळावरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे. बॅडमिंटनमधलं मोठं नाव, राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी.

आता नीट ऐका. त्याच ५ डिसेंबरच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये बातमी होती की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेलेत. त्यात 'टोंबे' असं एक नाव होतं. स्पेलिंगची चूक सोडा, पण हवाई दलात अशा आडनावाचे किती जण असतील? घरच्यांना वाटलं, चला, जिवंत आहे. युद्ध संपलं की कैदी परत येतात, हा नियमच आहे.

१ डिसेंबर १९७२ला वाघा बॉर्डरवर कैद्यांची अदलाबदल झाली. सहाशेहून जास्त भारतीय परत आले. त्यात तांबे नव्हते.

नोंद म्हणजे काय

इथं थोडं थांबून नियम समजून घेऊ. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार युद्धकैद्यांसाठीच आहे. भारत आणि पाकिस्तान दोघांनी तो मान्य केलेला. त्यात म्हटलंय की कैदी छावणीत आल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला एक कार्ड भरू द्यायचं. मी जिवंत आहे, इथे आहे, तब्येत अशी आहे. ते कार्ड घरी जातं आणि त्याची नोंद कैद्यांची माहिती ठेवणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडे होते. रेड क्रॉसच्या लोकांना छावणीत जाऊन कैद्यांशी एकट्यात बोलायचा हक्क आहे. आणि लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचं.

या सगळ्यात कळीचा मुद्दा ते कार्ड. एकदा नोंद झाली की तुम्ही कागदावर आहात, तुमचा हिशोब द्यावा लागतो. नोंदच झाली नाही, तर पकडणारा देश सरळ हात वर करू शकतो. असा माणूस आमच्याकडे आलाच नाही.

नोंद झाली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच पुण्याचं आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. तेही सुखोई-७ चालवायचे. तांबेंनंतर पाच दिवसांनी, १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं. ते पकडले गेले आणि रावळपिंडीच्या छावणीत पोचले. तिथं बारा वैमानिक होते आणि सगळ्यांची नोंद होती. घरून पत्रं यायची, रेड क्रॉसकडून पार्सलं यायची.

परुळकरांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. १३ ऑगस्ट १९७२च्या पहाटेआधी ते, एम. एस. गरेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला भोक पाडून बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीच्या रस्त्यानं लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तिथं त्यांनी 'लंडी खाना'ची वाट विचारली. जुन्या नकाशावर ते स्टेशन होतं, पण तिथली गाडी कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेली. लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. परुळकरांनी डोकं चालवलं. छावणीचे आधीचे प्रमुख, पाकिस्तानी हवाई दलाचे उस्मान हमीद यांच्याशी फोनवर संपर्क करायला लावला. उस्मान यांनी त्यांना ओळखलं. 'ही माणसं आमची आहेत, हात लावू नका' असा निरोप गेला आणि जीव वाचला.

पळालेले कैदी, शत्रूचा मुलूख, भोवती चिडलेली माणसं. तरीही ते वाचले, कारण कागदावर त्यांचं नाव होतं आणि त्यांना ओळखणारा एक माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होता. पुढे त्यांना लायलपूरच्या तुरुंगात ठेवलं, आणि १ डिसेंबर १९७२ला ते बाकीच्यांसोबत घरी आले.

विमान तेच, लढाई तीच, मध्ये फक्त पाच दिवस. एक जण घरी, दुसऱ्याचा पत्ता नाही.

खुणा मिळत गेल्या

तांबे एकटे नाहीत. अशा ५४ जणांची यादी बरीच वर्षं चर्चेत राहिली. नंतर सरकारी आकडा ८३ वर गेला, त्यात वेगवेगळ्या काळातली नावं आली. पाकिस्तानचं म्हणणं आहे, आमच्याकडे कुणी नाही.

पण खुणा बघा. 'टाइम' मासिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजांआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला. घरच्यांनी ओळखलं, हे मेजर ए. के. घोष. ते परत आले नाहीत.

मेजर अशोक सुरी यांना सरकारनं शहीद धरलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना त्यांच्या हातची चिठ्ठी मिळाली. म्हणजे कैद्यांची अदलाबदल होऊन दोन वर्षं उलटल्यावर! १९७५ मध्ये कराचीहून आणखी एक पत्र आलं. त्यात होतं, इथं आम्ही वीस अधिकारी आहोत. अक्षर तपासलं गेलं, जुळलं. मग सरकारी कागदावर 'शहीद'चं 'बेपत्ता' झालं. बस्स, कागदावरचा शब्द बदलला.

पत्रकार व्हिक्टोरिया स्कोफिल्ड यांनी भुट्टोंच्या खटल्यावर पुस्तक लिहिलं. त्यात उल्लेख आहे की भुट्टोंना लाहोरच्या तुरुंगात ठेवलं होतं तेव्हा भिंतीपलीकडून रात्री किंकाळ्या ऐकू यायच्या. चौकशीत कळलं की ते १९७१चे भारतीय कैदी आहेत, वेडे झालेले. आणि तांबेंच्या घरीही निरोप पोचला होता की बांगलादेश नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं लायलपूरच्या तुरुंगात तांबे नावाचा भारतीय अधिकारी पाहिला होता.

यातली प्रत्येक खूण कोर्टात टिकेलच असं नाही. ऐकीव गोष्ट ऐकीवच असते, मान्य. पण सुरींची चिठ्ठी ऐकीव नव्हती. ती हातात धरता येत होती.

आता ते १९५

आबांचा दुसरा प्रश्न. पूर्व पाकिस्तानात १९७१च्या मार्चपासून जे झालं, त्यात गावंच्या गावं जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले, ढाक्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार वेचून मारले. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० कैदी भारताच्या ताब्यात आले. जनरल नियाझींना आपल्या नागपूरच्या वर, जबलपूरला ठेवलं होतं.

बांगलादेशनं त्यातल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचं ठरवलं. १९७३ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पाकिस्ताननं दोन गोष्टी केल्या. मे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली की भारतानं या १९५ जणांना बांगलादेशच्या हाती देऊ नये. दुसरं, पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली अधिकाऱ्यांपैकी सुमारे दोनशे जणांवर आम्हीही खटले भरू, असा इशारा दिला. लाखो बंगाली तिकडे अडकलेले. मुजीब काय करणार?

ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीत करार झाला, १९५ सोडून बाकीचे परत पाठवायचे. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्ताननं बांगलादेशला मान्यता दिली. आणि ९ एप्रिल १९७४ला तिन्ही देशांनी दिल्लीत सही केली. पाकिस्ताननं 'काही गुन्हे झाले असतील तर' खेद व्यक्त केला, बांगलादेशनं खटले सोडून दिले. १९५ जण घरी गेले. एकावरही खटला चालला नाही. २०१० नंतर ढाक्यात जे खटले चालले, ते स्थानिक साथीदारांवर.

मग पाकिस्ताननं घरी काही केलं का? केलं ना. सरन्यायाधीश हमुदुर रहमान यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगानं वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस केली, पूर्वेतल्या अत्याचारांचीही दखल घेतली. आणि अहवाल गेला कपाटात. तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २००० उजाडलं, तेही 'इंडिया टुडे'नं त्याचा भाग छापला तेव्हा. मग डिसेंबरात पाकिस्तान सरकारनं काही भाग स्वतः उघड केला. जवळपास तीस वर्षं! तोवर कारवाई करायची तर कुणावर?

एक गोष्ट आपल्या बाजूचीही सांगायला हवी, नाहीतर मी खोटा ठरेन. लढाई संपल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडायचं, हा नियम भारतालाही लागू होता. आपण त्या ९३,००० पैकी बहुतेकांना दीड वर्षाहून जास्त ठेवून घेतलं, कारण वाटाघाटीत ते वजन होतं. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. एवढं वजन हातात असताना आपल्या ५४ जणांचा हिशोब पुरा मागून का घेतला नाही? एप्रिल १९७४ मध्ये शेवटची गाडी गेली. सुरींची चिठ्ठी त्यानंतर आठ महिन्यांनी आली.

दिल्लीतली दारं

दमयंती तांबेंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जेएनयूमध्ये क्रीडा विभागात नोकरी केली आणि दुसरीकडे फायली घेऊन दारं ठोठावली. मंत्री बदलले, पंतप्रधान बदलले, फाईल तीच.

१९७९ मध्ये लोकसभेत प्रश्न आला. परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं मानल्या जाणाऱ्या ४० जणांची नावं सभागृहात ठेवली. म्हणजे आपल्याच सरकारनं संसदेत नावं दिली. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेलं. हाती काही लागलं नाही. जून २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत फिरले. दमयंतीताई त्यात होत्या. छत्तीस वर्षांनंतर! रजिस्टरं दाखवली, पण ज्याची नोंदच झाली नव्हती, त्याचं नाव त्यात कसं सापडणार?

डिसेंबर २०११ मध्ये गुजरात हायकोर्टानं केंद्राला सांगितलं, हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या. केंद्र सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्या आदेशाला स्थगिती आली. सिमला करारानुसार आपसातले प्रश्न आपसात सोडवायचे, अशी सरकारची जुनी भूमिका. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विचारलं, ही माणसं जिवंत आहेत का? सरकारी बाजूनं उत्तर आलं की पाकिस्तान नाकारतंय, त्यामुळे ती हयात नसावीत असं आम्ही धरतो.

धरतो! दोस्ताच्या आईचं वाक्य आठवा. मधात नोका ठेवू.

तुम्ही म्हणाल, मग कुलभूषण जाधवांसाठी २०१७ मध्ये भारत त्याच न्यायालयात गेला की. बरोबर, आणि जुलै २०१९ला निकालही बऱ्याच अंशी आपल्या बाजूनं लागला. पण तो रस्ता दूतावासाच्या मदतीबद्दलच्या व्हिएन्ना कराराचा होता आणि पाकिस्ताननं अटक स्वतःच जाहीर केली होती. धुळे जिल्ह्यातला जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६ मध्ये चुकून पलीकडे गेला. तो आमच्याकडे आहे असं पाकिस्ताननं मान्य केलं आणि जानेवारी २०१७ मध्ये तो परत आला. जिथं 'आमच्याकडे आहे' हे शब्द निघाले, तिथं पुढचा रस्ता निघाला.

अभिनंदन आणि मोबाइल

आता १ मार्च २०१९कडे परत येऊ. अभिनंदन पकडले गेले तेव्हा काही तासांत व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर होते. रक्तानं माखलेला चेहरा, मग चहाचा कप. ते व्हिडिओ पसरवणं जिनिव्हा कराराच्या विरुद्धच होतं, कैद्याचा तमाशा करायचा नसतो. पण त्यानं एक गोष्ट झाली. माणूस जिवंत आहे हे कोट्यवधी लोकांनी पाहिलं. आता कुणी म्हणू शकत नव्हतं की तो आमच्याकडे आलाच नाही.

१९७१ मध्ये तांबेंची नोंद एका वर्तमानपत्रात एका चुकलेल्या स्पेलिंगनं झाली. रद्दीत जाण्याइतकीच तिची ताकद.

हे समजल्यावर मला आबांचा प्रश्न कळला. ते गोंधळले नव्हते, मी गोंधळलो होतो.

आबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या दोस्ताचं नाव मी त्या ५४च्या यादीत शोधलं, नंतरच्या नावांतही शोधलं. सापडलं नाही. गावाकडचा साधा जवान, त्याच्यासाठी दिल्लीत दार ठोठावणारं कुणी नव्हतं. आता तो फक्त आबांच्या वहीत आहे, आणि वही माझ्याकडे आहे. तिची सगळी पानं मी फोनवर स्कॅन करून ठेवलीत.

शेवटी एक काम सांगतो. आपल्या वाशीममध्ये, रिसोडला, मंगरूळपीरला, कारंज्याला, मानोऱ्याला, कुठंही, तुमच्या घरात किंवा शेजारी १९६५चं किंवा १९७१चं कुणी फौजी असेल तर जाऊन बसा. फटाक्यांच्या दिवसांत नको, एरवी जा. फोनचं रेकॉर्डिंग लावायच्या आधी विचारा. युनिट कोणतं, हुद्दा काय, कोणासोबत होते, कोण परत आलं नाही, ते कुठल्या गावचे. नावं आणि तारखा नीट विचारून घ्या. ते गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, चहा प्या, परत दुसऱ्या दिवशी जा. आबांनी मला वही दाखवायला आधी एक अख्खी दुपार घेतली होती.

भेटू पुढच्या एपिसोडला. रामराम.